कापूस, कोंबडा आणि बुवांचा डोळा

या, पुढे सरका. भिंतीला टेकून बसणाऱ्यांना आधी झोप लागते, हे मी पुष्कळ सप्त्यांमध्ये पाहिलंय. असे जवळ या, मांडी घाला. गजर झाला, कपाळाला बुक्का लागला, आता एक गोष्ट ऐका. गोष्ट एका डोळ्याची आहे, नखावर मावेल एवढ्या जेलची आहे, आणि एका कोंबड्याची आहे, ज्याला आपल्यापैकी कोणीच कधी पाहिलं नाही. पण खरं म्हणाल तर गोष्ट कुंदाबाईच्या वैतागाची आहे. आणि तो वैताग असा, की देवानेही दोन पावलं मागे सरकावं.

एरंडोलजवळच्या एका खेड्यात जीवरामबुवा राहायचे. कीर्तनकार. गळा असा, की सूर लावला म्हणजे वेशीबाहेरच्या बैलांनी रवंथ थांबवावा. कुंदाबाई त्यांची बायको. बुवांनी जग सांभाळलं, कुंदाबाईने बुवांना सांभाळलं. यात अवघड काम कोणतं होतं, ते तुम्हीच ठरवा.

बुवांचा उजवा डोळा धुळ्याच्या एका शिबिरात गेला होता. धर्मशाळेत रांगेने खाटा, मोतीबिंदू काढायचा आणि हिरवी पट्टी बांधून घरी पाठवायचं, असा तो काळ. कोणाचा दोष नव्हता. मोतीबिंदू निघाला, पण बुबुळावरची काच पांढरी पडली, ती कायमची. मग डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला. बुवांना सगळं पाठ, त्यामुळे पोथी दिसत नाही याचं काही अडलं नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी. समोरचे लोक दिसेनात. कोण रडतंय, कोण पेंगतंय, कोण हळूच चप्पल शोधतंय, काही कळेना. एकदा तर उत्तररंग असा रंगला, असा रंगला, की टाळकरी सोडून मंडपात कोणी उरलंच नाही, आणि बुवा आपले मोकळ्या सतरंजीला हात जोडून विनवतायत. शेवटी कुंदाबाईने उठून उपरण्याचं टोक ओढलं.

"बस करा आते! बठ्ठा लोक घर गयात!"

त्या दिवशी बुवा घरी आले. ओट्यावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "कुंदे, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नसेल तर मी कोणाशी बोलतोय?"

कुंदाबाईने दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली आणि बुवांना जळगावच्या गाडीत बसवलं. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट.

जळगावला डॉक्टर सरोदे म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या. हात हलका, बोलणं सरळ. इतकं सरळ, की कधीकधी समोरच्याला लागायचं. त्यांनी बुवांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि डोळ्यात उजेड टाकला. तेवढ्यात टेबल थरथरायला लागलं.

"बुवा, हात!"

बुवांची बोटं टेबलावर ताल धरत होती. मनात नामस्मरण चालू असलं की त्यांचा उजवा हात आपोआप चालायचा. झोपेतसुद्धा चालायचा. कुंदाबाईच्या खांद्यावर चाळीस वर्षं मृदंग वाजलेला होता. तिने तो हात धरला, आपल्या पदराखाली दाबून ठेवला, तेव्हा कुठे तपासणी झाली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही खुलला नाही.

"अक्का, तुमच्याकडे केळीला पाणी आहे ना? विहिरीवर पंप?"

"शे," कुंदाबाईने मान डोलावली.

"या डोळ्यावरच्या काचेला आतून एक पातळ थर असतो. तो म्हणजे बारीक बारीक पंप. काचेत पाणी मुरतं, ते हे पंप रात्रंदिवस उपसत असतात. पंप बंद पडले की काच फुगते, पांढरी होते. धुळ्याच्या डोळ्याचं तेच झालं. आणि या डोळ्यातले पंप आत्ताच थोडे उरलेत. ऑपरेशनमध्ये आत हत्यार फिरतं, भिंग बसवायचं असतं. त्याचा धक्का लागून उरलेले पंप गेले, तर ते परत उगवत नाहीत."

कुंदाबाई पुढे सरकली. "मंग?"

"मग आत जेल भरायचं. काच वर उचलून धरायची, तिला धक्का लागू द्यायचा नाही."

जेल दोन जातींचं होतं. एक डॉक्टरीणबाईंच्या कपाटातच असायचं, आपल्याकडे मिळणारं. दुसरं परदेशी, बर्फात जपायचं, मुंबईहून मागवायचं. तिथे आमचे गौतमचंद शेठ उपयोगी पडले. शेठ जळगावचे धान्याचे व्यापारी, जैन माणूस, पण बुवांच्या कीर्तनाचे असे वेडे, की कुठे बुवांचं नाव लागलं की हे आधी सतरंजीवर. त्यांचे जावई मुंबईला औषधांच्या धंद्यात. शेठ म्हणाले, "बुवांच्या डोळ्यासाठी जे उत्तमात उत्तम असेल ते येईल. यात बोलायचं नाही." आणि आलं. थर्मासमध्ये बर्फ घालून आलं, आणि ऑपरेशनचा दिवस ठरेपर्यंत शेठच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिलं, दुधाच्या पातेल्याशेजारी.

ठरल्या वेळी शेठ स्वतः तो थर्मास छातीशी धरून दवाखान्यात आले, जणू गंगेचा गडूच. बुवा खुर्चीवर, कुंदाबाई शेजारी. सगळं जुळून आलं होतं. तेवढ्यावर डॉक्टरीणबाईंनी थांबायचं की नाही? पण त्यांना शिकवायची भारी हौस.

"या अक्का, दोन्हीतला फरक दाखवते."

त्यांनी काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. कपाटातलं जुनं जेल एकीवर टाकलं, परदेशी जेलचा थेंब दुसरीवर. मग दोन्ही पट्ट्या उभ्या धरल्या. कपाटातलं जेल काकवीसारखं सरळ खाली ओघळलं, मागे एक ओला पापुद्रा ठेवून. परदेशी जेल मात्र जागचं हललं नाही. फुगवटा धरून बसून राहिलं.

"बघा. हे पहिलं लेप चांगला देतं. काचेला चिकटून राहतं, तोही बचावच आहे. पण छप्पर धरून ठेवत नाही. कापलेल्या फटीतून वाहून जातं, मग पुन्हा पुन्हा भरावं लागतं, आणि तेवढ्यात छप्पर खाली येतं. हे दुसरं म्हणजे धाब्याच्या घराला लावलेला टेकू. हलत नाही. फक्त शेवटी सगळं धुऊन काढावं लागतं, नाहीतर डोळ्यात दाब वाढतो. एरवी मी पहिल्यावरच भागवते, शेकडो डोळे केलेत. पण बुवांचे पंप कमी आहेत. बुवांना टेकू पाहिजे."

कुंदाबाईला सगळं लख्ख समजलं. तिने मनातल्या मनात विठ्ठलाला हात जोडले. आणि शेजारून आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, हे कशाचं असतं?"

कुंदाबाईने डोळे मिटले. आला. चाळीस वर्षं पाठीला लागलेला प्रश्न इथेही आला!

बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ. तोंडात काही घालायच्या आधी "हे कशाचं?" असं विचारल्याशिवाय ते राहायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत विचारायचे, बिस्किटाला विचारायचे, टॉनिकच्या बाटलीला विचारायचे. औषधाच्या कॅप्सूलचं टरफल हाडांपासून करतात असं कोणीतरी सांगितल्यापासून ते कॅप्सूल उघडून आतली कडू पूड जिभेवर घ्यायचे आणि टरफल उकिरड्यावर टाकायचे. कुंदाबाईने त्यांना कोपराने ढोसलं. खोकली. पायावर पाय दिला.

"पहिलं कापसापासून करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कापसाचा, लाकडाचा जो गर असतो ना, त्यातून."

"वा! म्हणजे आपल्या खान्देशचंच की. आणि दुसरं?"

आता बघा, इथे कोणीही शहाणा माणूस काय म्हणेल? 'औषध आहे बुवा' म्हणेल. 'परदेशी आहे' म्हणेल. पण त्या बाईला खोटं बोलण्याची सवयच नव्हती.

"कोंबड्याच्या तुऱ्यापासून."

शेठनी थर्मास टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला, भाजल्यासारखा.

"कोंबड्याच्या?"

"डोक्यावरचा लाल तुरा असतो ना, त्यात हा पदार्थ भरपूर असतो. काढून शुद्ध करतात. आत कोंबड्याचं काही राहत नाही, बुवा."

"कोंबडा राहतो का?" बुवांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुरा काढल्यावर. कोंबडा जिवंत राहतो का?"

डॉक्टरीणबाई काचेच्या पट्ट्या पुसू लागल्या. बुवा उठले आणि काठी चाचपू लागले. "कुंदे, चल. घरी जाऊ."

"कसाले घर?" कुंदाबाईचा बांध फुटला. "काय करू या माणूसले! माळ गळामा शे ना? डोळामा तर नही! तुम्हले कोन खावाले सांगी राह्यनं?"

"कुंदे, उद्या गादीवर उभा राहून जीवदया सांगायची आणि डोळ्यात कोंबडा घेऊन? कोणत्या तोंडाने सांगू?"

"आनि डोळाच गया तर कोनले सांगशात? सतरंजीले?"

हे लागलं. बुवा परत खुर्चीत बसले. तिकडे शेठ कपाळ धरून बसलेले. "बुवा, देवाशपथ, मला माहीत असतं तर मी हात लावला असता का? दान द्यायला निघालो आणि पाप वाटत फिरलो! घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं हो मी हे!"

आणि शेठनी आणखी एक घोळ केला. दवाखान्यातूनच घरी फोन लावला आणि बायकोला, भंवरीबाईंना, सगळं सांगून टाकलं. ज्या घरात कांदा उंबरा ओलांडत नाही, त्या घरच्या मालकिणीला! फोनमधला आवाज थेट कुंदाबाईच्या खुर्चीपर्यंत आला.

"म्हारे फ्रिज में कूकड़ा?"

मग शेठ निघून गेले. घरी दूध ओतून दिलं जात होतं, पातेली अंगणात निघाली होती, फ्रिज धुवायला काढला होता. त्यांची तिथे जास्त गरज होती. थर्मास घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. तो टेबलावरच राहिला.

कुंदाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. समोर रिक्षावाले भांडत होते, भांडोत. एक माणूस नको ते विचारतो, दुसरी बाई विचारलं तेवढं खरं सांगते, तिसरा फ्रिज धुतो. सगळे पुण्यवान! सगळे आपापल्या जागी बरोबर! आणि माझ्या नवऱ्याच्या डोळ्याकडे बघणारं कोण आहे? विठ्ठला, तू तरी आहेस का, की तूही कमरेवर हात ठेवून नुसता बघतोयस?

मागून डॉक्टरीणबाई आल्या आणि पायरीवरच टेकल्या.

"अक्का, चिडलात?"

"तुम्हले खरं सांगानी काय गरज व्हती?"

"त्यांचा डोळा आहे. त्यांनी विचारलं."

"त्यासनी तर जनमभर इचारं! मी सांगस का? भाजीमा काय टाकं, ते मी कधीच बठ्ठं सांगत नही!"

डॉक्टरीणबाई हसल्या. कुंदाबाईला हसू आलं नाही. शेवटी दोघींनी आत जाऊन बुवांशी तह केला. कापसाचंच जेल वापरायचं. थर्मासमधलं दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तयार ठेवायचं.

"आणि मधेच छप्पर खाली यायला लागलं तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बुवांनी गळ्यातली माळ चाचपली. "तर त्या वेळी मला विचारा."

"तुम्ही कापडाखाली असाल. बोलायचं नाही, मान हलवायची नाही."

"मग हात दाबीन. हो असेल तर दाबीन."

हाताचा विषय निघालाच होता. त्या तालाच्या बोटांना ऑपरेशनच्या टेबलावर मोकळं सोडणं शक्य नव्हतं. हात बांधून ठेवला तर बुवा जास्तच अस्वस्थ व्हायचे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी कधी करत नाहीत ते केलं. कुंदाबाईला हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं बांधून आत घेतलं, टेबलाच्या कडेला स्टुलावर बसवलं आणि बुवांचा हात तिच्या हातात दिला.

"अक्का, तुमचं काम एवढंच. हा मृदंग धरून ठेवायचा."

कापडाखाली बुवा दिसत नव्हते. दिसत होता फक्त हात. म्हातारा, शिरा उठलेला, आणि तिच्या तळव्यात चालू झालेला. टक, टक, टकटक. नाम सुरू होतं. कुंदाबाईही त्या तालावर मनातल्या मनात विठ्ठल म्हणू लागली. वर दिव्याचा झोत, डॉक्टरीणबाईंची वाकलेली मान, आणि सिस्टरला दिलेले बारीक बारीक हुकूम.

मोतीबिंदू बाहेर आला. "छान," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. कुंदाबाईने श्वास सोडला.

"आता भिंग. जेल द्या. अजून. अजून द्या." मग थोडा वेळ काही नाही. "वाहून चाललंय. परत भरा." पुन्हा काही नाही. "काच खाली बसतेय. सिस्टर, अजून आहे का?"

"आहे मॅडम, पण राहतच नाही आत."

डॉक्टरीणबाईंनी हात थांबवले. आवाज शांत ठेवला, पण कुंदाबाई बाई होती, तिला त्या शांतपणाच्या खालचं ऐकू आलं.

"बुवा, बोलू नका, हलू नका. कापसाचं जेल टिकत नाहीये. असंच भिंग सारलं तर ते काचेला घासेल. दुसरं वापरू का? हो असेल तर अक्कांचा हात दाबा."

तळव्यातला ताल थांबला.

टक नाही, काही नाही. चाळीस वर्षांत झोपेतही न थांबलेली बोटं गप्प झाली. कुंदाबाईच्या हातात हात होता, पण तो देवळातल्या दगडी हातासारखा. तिने वाट पाहिली. दाबा, दाबा हो! तिने मनात आकांत केला. एवढी वर्षं माझा खांदा बडवलात, आता एकदा दाबा!

हात हलला नाही.

"अक्का? दाबला का?"

कुंदाबाईने फडक्याच्या वर डोळे उचलले आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"दाबला."

"नक्की?"

"नक्की. बांगडी रुतनी हातमा."

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. पुढचं सगळं फार शांततेत झालं. "हं, आता बसलं. छप्पर उभं आहे. भिंग जातंय… गेलं." मग धुणं, मग टाके. आणि टाके पडत असताना कुंदाबाईच्या तळव्यात पुन्हा सुरू झालं. आधी एक बोट. मग दुसरं. टक, टक, टकटक.

त्या रात्री कुंदाबाईने घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. पाप कोणाचं, हा तिला प्रश्न नव्हता. तिने सही न करता ते आपल्या नावावर करून घेतलं होतं. तिला भीती होती ती सकाळची. माळकरी माणसाला त्याच्याच बायकोने फसवलं, हे त्याला सांगायचं कसं?

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, डोळा पुसला, उजेडात बघितलं. "काच स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि बाहेर निघून गेल्या. खोलीत दोघंच उरले.

बुवा डोळा किलकिला करून बघत होते. खिडकीकडे नाही, देवाच्या तसबिरीकडे नाही. कुंदाबाईच्या मनगटाकडे.

"कुठे रुतली बांगडी? वळ तर दिसत नाही."

कुंदाबाईने हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "नही रुतनी. तुम्ही दाबाच नही."

"नाही दाबला."

"माले माहीत शे. काय शिक्षा द्यानी ती द्या. पन कोंबडा माना माथे. तुम्हना माथे नही."

बुवा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी दिसत होती. केस पांढरे झालेले, हनुवटी थरथरणारी.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "अगं, मी समेची वाट बघत होतो. समेवर दाबणार होतो. तुला कधी दम आहे का? आयुष्य माझ्यासोबत गेलं आणि सम कळली नाही!"

"मंग बोलनात कसाले नही?"

"तोंड उघडायचं नव्हतं ना."

कुंदाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. राग यावा की रडू, तिला कळेना, म्हणून दोन्ही आलं. हे खरं होतं की तिचं ओझं उतरवायला बुवांनी रचलेलं आख्यान होतं? जन्मभर "हे कशाचं?" ऐकत आलेल्या त्या बाईने हा एक प्रश्न विचारला नाही. गपचूप पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चहा लेतस का? बिनबिस्किटना?"

पुढच्या सप्त्यात बुवा गादीवर उभे राहिले. गौतमचंद शेठ पहिल्या रांगेत होते. भंवरीबाईंनी नवा फ्रिज घेतल्याशिवाय दूध ठेवलं नाही म्हणतात, ते असो. बुवांनी त्या दिवशी कोंबड्याचं आख्यान लावलं. लपवलं काहीच नाही. "पहाटे जागं करणाऱ्याने मला आणखी एकदा जागं केलं," म्हणाले. "पाप झालं की नाही, ते मी ठरवणार नाही. ऋण झालं, एवढं कळतं." आणि रंगात येता येता मधेच थांबले. मंडपाच्या टोकाला लोटन पाटील पेंगायला लागला होता, तो त्यांना दिसला. "लोटनभाऊ, झोप आली ना? चला, आरती करू." सगळा मंडप हसला. कुंदाबाईला उपरणं ओढायला उठावं लागलं नाही. या वेळी नाही.

पण तिचा वैताग काही संपला नाही हां. ऋण फेडायचं म्हणून बुवा रोज पहाटे शेजारच्या सुपडूच्या कोंबड्याला मूठभर ज्वारी टाकायचे. तो इतका सोकावला, की ज्वारी संपली की छपरावर वाळत घातलेल्या बिबड्यांवर, ज्वारीच्या पापडांवर, चढायचा, आणि कुंदाबाई काठी घेऊन त्याच्यामागे. "तुना तुरा कापसु, थांब!" म्हणायची. आणि मग बुवांकडे बघून गप्प व्हायची.

आता दोघंही नाहीत. आधी बुवा गेले, मग थोड्याच दिवसांनी कुंदाबाई. समेवर गेली, असं गाव म्हणतं.

माझं मागणं थोडकं आहे. बुवांना तुम्ही विसरणार नाही, गळ्याचा माणूस कोणी विसरत नाही. पण उद्या पहाटे कोंबडा आरवला, की कूस बदलायच्या आधी क्षणभर त्या बाईला आठवा, जिच्या हातात हात होता पण होकार नव्हता, आणि तरी जिने तो दिला. कुंदाबाई म्हणून तिचं नाव होतं.